दाराशी तीन रात्री

कोंकणीत ‘रावप’ हे एकच क्रियापद दोन कामे करते. ‘हांव फोंड्यां रावतां’ असे कोणी म्हटले तर तो आपले वास्तव्य सांगत असतो. ‘मातशें राव’ असे म्हटले तर तो समोरच्या माणसाला थांबावयास सांगत असतो. मराठीने ही दोन कामे ‘राहणे’ आणि ‘थांबणे’ या दोन शब्दांत वाटून दिली आणि थांबण्याच्या मनःस्थितीसाठी ‘वाट पाहणे’ हा आपला खास प्रयोग राखून ठेवला. परंतु एखादा मनुष्य ज्या घरात राहतो आहे त्याच घरात, राहण्याची परवानगी येईपर्यंत, थांबलेलाही आहे, ही स्थिती सांगावयाची झाली तर मराठीला दोन वाक्ये लागतील. कोंकणीला एक शब्द पुरतो.

ही स्थिती आज अंत्रूज महालात नवलाची राहिलेली नाही. कोणाचा मुलगा कॅनडात स्थायी निवासाच्या पत्राची वाट पाहतो आहे, कोणाची लेक आणि जावई अमेरिकेत दहा-बारा वर्षे ‘हंगामी’ म्हणून राहत आहेत, तर कोणी वृद्ध गृहस्थ पोर्तुगीज पासपोर्टवर उभे आयुष्य परदेशात काढून आता वडिलोपार्जित घरी परतले आहेत आणि त्या घरात राहण्याच्या कागदाची चौकशी करीत आहेत. माझा व्यवसाय वकिलीचा असल्यामुळे ही मंडळी प्रतिज्ञापत्रासाठी, जन्मनोंदीतील नावाच्या दुरुस्तीसाठी माझ्याकडे येतात. कागद पुरे झाले, शिक्के झाले, की यापुढे वकिलाने सांगण्यासारखे काही उरत नाही. अशा एका प्रसंगी एक वयस्कर पक्षकार उठता उठता म्हणाले, “देवसुद्धा विटेवर उभा आहे, वकीलसाहेब, आपण कोण?” मीही मान डोलावली. घरी गेल्यावर मात्र ते वाक्य मनातून जाईना. सांत्वन म्हणून ते उत्तम होते. पण ज्या कथेचा दाखला त्यांनी दिला ती कथा खरोखर तसे सांगते काय? प्रतीक्षेसंबंधीच्या ज्या थोर कृती आपल्या वाचनात आहेत त्यांचा आपण योग्य अर्थ लावतो काय? प्रस्तुत लेखाचा विषय एवढाच आहे.

आरंभ एका वाङ्मयबाह्य मजकुरापासून करावा लागेल, कारण गोव्यापुरती ही कथा प्रथम कायद्याच्या भाषेत लिहिली गेली. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. २८ मार्च १९६२ रोजी केंद्र सरकारने गोवा, दमण आणि दीव यांच्यासाठी नागरिकत्वाचा आदेश प्रसिद्ध केला. २० डिसेंबर १९६१ पूर्वी या प्रदेशात जो स्वतः जन्मला, किंवा ज्याच्या आईवडिलांपैकी वा आजाआजींपैकी कोणीही येथे जन्मले, तो त्या दिवसापासून भारताचा नागरिक मानला गेला. ज्याला आपले पूर्वीचे राष्ट्रीयत्व ठेवावयाचे असेल त्याने आदेशाच्या प्रसिद्धीपासून एका महिन्याच्या आत तसे लेखी कळवावे, इतकाच अपवाद होता. आपल्या आजोबांच्या पिढीला नागरिकत्व मिळाले ते असे, अर्जावाचून आणि रांगेवाचून. ज्याला नको होते त्यालाच तेवढे लिहावे लागले. आज एकेका कागदासाठी वर्षे मोजणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

ज्यांनी तसे लिहिले त्यांत कांदोळीचे एक ख्रिस्ती धर्मगुरू होते, मॉन्सिन्योर मोंतेरो. त्यांनी पोर्तुगीज राष्ट्रीयत्व राखले. त्यांना भारतात राहण्याचा तात्पुरता परवाना मिळाला. त्याची मुदत १३ नोव्हेंबर १९६४ पर्यंत होती. मुदत सरली, वाढवून मिळाली नाही, आणि त्यांनी ती मागितलीही नाही. देश सोडण्याचा हुकूम झाला. तो त्यांनी मानला नाही. परकीय व्यक्तींसंबंधीच्या १९४६ च्या कायद्याखाली त्यांच्यावर खटला झाला आणि तीस दिवसांची साधी कैद व पन्नास रुपये दंड अशी शिक्षा झाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. जिनिव्हा करारांचे संरक्षण आपणांस आहे, व्याप्त प्रदेशातील रहिवाशाला बाहेर घालवता येत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. मार्च १९६९ मध्ये तत्कालीन सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांनी लिहिलेल्या निकालपत्राने तो फेटाळला. लष्करी व्याप्ती ही तात्पुरती अवस्था. प्रदेश विलीन झाला की ती संपते आणि तिच्याबरोबर ते संरक्षणही संपते, असे न्यायालयाने ठरविले.

कायद्याचा विद्यार्थी म्हणून हा निकाल मला योग्य वाटतो. त्याचे इंग्रजी गद्यही नेटके आहे. परंतु तो मजकूर म्हणून वाचला असता एक गोष्ट जाणवते. माणूस आरंभीच्या काही वाक्यांत भेटतो आणि मग दिसेनासा होतो. पुढे विजय, व्याप्ती, विलीनीकरण या संकल्पना बोलू लागतात. परवान्याच्या त्या दिवसांत ते गृहस्थ कांदोळीत कसे राहिले, आपल्याच गावात ‘परकीय’ या नावाने वावरताना शेजाऱ्यांशी काय बोलले, हे निकालपत्र सांगत नाही. ते त्याचे कामही नव्हे. जेथे निकालपत्र थांबते तेथे वाङ्मयाचे काम सुरू होते, आणि म्हणून वाङ्मयाने ते काम नीट केले की नाही हे पाहणे टीकाकाराला प्राप्त होते.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगतो. ३१ डिसेंबर १९७४ च्या करारान्वये पोर्तुगालने गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. त्यानंतर येथे मुक्तीपूर्वी जन्मलेल्यांना आणि त्यांच्या अपत्यांना लिस्बन येथील मध्यवर्ती नोंदणीकार्यालयात आपला जन्म नोंदवून पोर्तुगीज राष्ट्रीयत्वाचा दावा सांगता येऊ लागला. भारताची राज्यघटना दुहेरी नागरिकत्व मानीत नाही. तेव्हा ज्याने ते पत्करले त्याचे भारतीय नागरिकत्व गेले, आणि घराकडे परतावयाचे तर परदेशस्थ भारतीय नागरिक या नावाची, २००५ च्या दुरुस्तीनंतर विस्तारलेली, नोंदणी त्याला मागावी लागते. नाव नागरिकाचे, पण मतदानाचा हक्क नाही. कुळागर विकत घेता येत नाही, वारशाने आले तर ठेवता येते. दुसरीकडे अमेरिकेत नोकरीच्या आधारावर दिली जाणारी स्थायी निवासाची पत्रे वर्षाला सुमारे १,४०,००० आहेत, त्यांत बायकामुलेही मोजली जातात, आणि कोणत्याही एका देशाच्या वाट्याला साधारणतः सात टक्क्यांहून अधिक जात नाहीत. भारतासारख्या मोठ्या देशातून गेलेल्यांची रांग दशकांची होते ती या गणितामुळे. दर महिन्याला तेथील परराष्ट्र खाते कोणत्या तारखेपर्यंतचे अर्ज हाती घेतले जातील ते प्रसिद्ध करते. कधी ती तारीख पुढे सरकते, कधी मागेही येते. फोंड्यातील आईबाप ते पत्रक पंचांग पाहावे तसे पाहतात. मूल एकवीस वर्षांचे झाले की सामान्यतः आईबापांच्या अर्जातून बाहेर पडते, आणि ज्या देशात ते लहानाचे मोठे झाले तेथेच पुन्हा पहिल्या पायरीवर उभे राहते.

आता वाङ्मयाकडे वळू. या विषयावर ज्याचे नाव प्रथम निघते तो काफ्का. ‘कायद्यापुढे’ ही त्याची दीड-दोन पानांची कथा १९१५ साली प्रसिद्ध झाली आणि पुढे त्याच्या मरणोत्तर निघालेल्या ‘खटला’ या कादंबरीत तिला स्थान मिळाले. खेड्यातला एक मनुष्य कायद्याच्या दाराशी येतो. द्वारपाल म्हणतो, आत सोडीन, पण आता नाही. दार उघडेच असते. तो मनुष्य दाराशेजारी बसतो. दिवस जातात, वर्षे जातात. जवळचे होते नव्हते ते द्वारपालाला देतो, आणि द्वारपाल ते घेतोही, प्रयत्न करावयाचा राहिला असे तुला वाटू नये म्हणून, असे सांगून घेतो. मरणाच्या क्षणी मनुष्य विचारतो, इतक्या वर्षांत या दाराशी दुसरे कोणीच कसे आले नाही? उत्तर मिळते की हे दार केवळ तुझ्यासाठी होते. आता मी ते बंद करतो.

या कथेचे आध्यात्मिक अर्थ पुष्कळांनी लावले आहेत. मला तिचा साधा अर्थ अधिक भावतो. काफ्का स्वतः कायद्याचा पदवीधर होता आणि प्राग येथील कामगार अपघात विमा संस्थेत १९०८ पासून आजारपणामुळे निवृत्त होईपर्यंत नोकरीस होता. दाराशी बसलेली माणसे त्याने रोज पाहिली होती. कथेतला सर्वांत भयंकर शब्द ‘नाही’ हा नसून ‘आता नाही’ हा आहे. नकाराविरुद्ध अपील करता येते. ‘आता नाही’ याविरुद्ध कोठे जावे? आपल्या कचेऱ्यांत ‘विचाराधीन’ हा शब्द नेमके हेच काम करतो. मोंतेरो यांचे प्रकरण येथे आठवते ते विरोधाने. त्यांनी मुदतवाढ मागितलीच नाही. म्हणजे त्या बैठकीवर बसण्याचेच नाकारले. न्यायालयाने त्यांना उत्तर तरी दिले. काफ्काच्या माणसाने नम्रपणे वाट पाहिली आणि त्याला अखेरपर्यंत उत्तर मिळाले नाही.

तरीही या थोर कथेत एक उणीव आहे असे म्हणण्याचे धाडस करतो. काफ्काचा मनुष्य एकटा आहे. त्याला गाव आहे असे आरंभीच कळते, पण त्या गावात त्याची वाट पाहणारे कोणी होते की नाही, हे कथेला ठाऊक नाही. आपल्याकडची प्रतीक्षा एकट्याची नसते. परदेशातल्या मुलाचे पत्र अडले की त्याच्या धाकट्या बहिणीचे लग्न त्याच्या येण्यासाठी पुढे ढकलले जाते, वडिलांचे वर्षश्राद्ध भावाच्या हातून उरकले जाते, जत्रेला कौल लावताना आईचा प्रश्न एकच असतो. ‘दाराशी बसलेला मनुष्य’ हे चित्र आपल्यापुरते अपुरे आहे. येथे बसलेले असते ते अख्खे घर.

ते घर रवींद्रनाथांच्या ‘डाकघर’ या १९१२ च्या नाटकात आहे. आजारी अमल खिडकीशी बसलेला आहे. वैद्याने बाहेर जाण्यास मनाई केली आहे. समोर राजाचे नवे डाकघर झाले आहे आणि राजा आपणांस पत्र पाठवील अशी त्याची श्रद्धा आहे. दहीवाला, पहारेकरी, फुले वेचणारी सुधा, रस्त्यावरची मुले, सर्वांशी तो बोलतो आणि प्रत्येकजण जाताना थोडा बदलून जातो. गावचा मुखिया थट्टेने एक कोरा कागद आणून हेच राजाचे पत्र म्हणून सांगतो, आणि अखेरीस ती थट्टा खरी ठरते. राजवैद्य येतो, दारेखिडक्या उघडल्या जातात, अमलला झोप लागते. १८ जुलै १९४२ रोजी वॉर्सातील बंदिस्त ज्यू वस्तीत यानुश कोर्चाक यांनी आपल्या अनाथालयातील मुलांकडून हे नाटक करविले. पुढच्याच महिन्यात ती मुले आणि ते स्वतः ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीकडे नेले गेले. त्या मुलांना या नाटकाने काय दिले याची कल्पना करवत नाही, आणि त्याची थोरवी सांगावयास दुसरा दाखला नको.

पण मृत्यूच्या दाराशी जे सत्य आहे ते कचेरीच्या दाराशी सत्य असेलच असे नाही. मुखियाने दिलेला कोरा कागद रवींद्रनाथांच्या सृष्टीत राजाचे पत्र होऊ शकतो. आपल्या सृष्टीत तो फसवणुकीचा पुरावा असतो. स्थायी निवास मिळवून देतो म्हणून पैसे घेणाऱ्या दलालांचे असे कागद मी पाहिले आहेत. ‘डाकघर’मधून आपण घ्यावयाचे ते पत्रावरील श्रद्धा नव्हे, तर खिडकी. अमल वाट पाहता पाहता जगणे थांबवीत नाही. पत्र येईल तेव्हा बोलेन, असे तो दहीवाल्याला म्हणत नाही. आमच्या पक्षकारांपैकी कित्येकांनी पत्र येईपर्यंत घराला रंग द्यावयाचा नाही, झाड लावावयाचे नाही, कोणाशी नाते जोडावयाचे नाही असे ठरविलेले मी पाहतो, तेव्हा ही खिडकी त्यांना दाखवावीशी वाटते.

आता विटेकडे येतो. पुंडलिकाची कथा आपण इतक्या वेळा ऐकली आहे की ती ऐकण्याचे आपण सोडून दिले आहे. दाराशी कोण आले होते? देव. आत कोण होता? आईबापांची सेवा करणारा एक साधा मनुष्य. वीट कोणी फेकली? त्या साध्या माणसाने. अठ्ठावीस युगे जो उभा आहे तो समर्थ आहे, आणि ज्याने उभे राहावयास लावले तो हाती असलेल्या कर्तव्यापुढे देवालाही थांबा म्हणणारा आहे. ‘देवसुद्धा विटेवर उभा आहे, आपण कोण’ असे अर्जदार म्हणतो तेव्हा तो कथेची दिशा उलटी करतो. या कथेत आपण पुंडलिकाच्या जागी आहोत; आणि समर्थाचे मोठेपण थांबविण्यात नसून थांबण्यात आहे, असे ती सांगते. भक्तीतील प्रतीक्षा प्रेमाने पत्करलेली असते. कचेरीतील प्रतीक्षा लादलेली असते. दोहोंना एकच नाव देणे हा भक्तीवरही अन्याय आहे.

त्याच पंढरपुरात याची दुसरी बाजूही आहे, आणि देवळाशी नाते सांगणाऱ्या आपण सर्वांनी ती टाळता कामा नये. चोखोबा आयुष्यभर महाद्वाराबाहेर राहिले. त्यांची समाधीही तेथेच, नामदेवाच्या पायरीजवळ आहे. त्यांची वाट पाहणे प्रेमाचे होते यात संशय नाही. पण त्या प्रेमामुळे दार अडविणाऱ्यांचे वर्तन निर्दोष ठरत नाही. दलितांसाठी ते दार उघडावे म्हणून मे १९४७ मध्ये साने गुरुजींना प्राणांतिक उपोषण करावे लागले. बाहेर थांबलेल्याच्या सहनशीलतेची स्तुती आतल्या माणसाने करावी यासारखे सोपे काही नाही. आपल्या देवस्थानांतही महाजनांच्या नोंदवह्या आहेत, १९३३ ची पोर्तुगीज नियमावली आजही लागू आहे, आणि नोंदीसाठी थांबलेले लोक आहेत. वॉशिंग्टन किंवा लिस्बनच्या द्वारपालाला दोष देण्यापूर्वी आपल्या दाराशी कोण बसले आहे हे पाहणे शोभेल.

या सर्वांहून प्राचीन, आणि माझ्या मते या विषयावर सर्वांहून न्याय्य, मजकूर कठोपनिषदाचा आहे. नचिकेता यमाच्या घरी गेला, तीन रात्री अन्नपाण्यावाचून राहिला, हे आपण सर्व जाणतो. पण उपनिषद या तीन रात्रींचे वर्णन करीत नाही, याकडे लक्ष क्वचितच जाते. नचिकेता आपल्या उपवासाबद्दल अवाक्षर काढत नाही. त्या रात्रींचा उल्लेख प्रथम येतो तो यमाच्या तोंडून, कबुली म्हणून: तू अतिथी असून माझ्या घरी तीन रात्री उपाशी राहिलास, तेव्हा प्रत्येक रात्रीपाठी एक असे तीन वर माग. त्याआधीच, अतिथी ज्याच्या घरी उपाशी राहतो त्याच्या आशा, त्याचे पुण्य, त्याची संतती आणि पशू यांचा नाश होतो, असे बजावले गेले आहे. तैत्तिरीय ब्राह्मणातील याच कथेत तर हिशेब अधिक कठोर आहे: पहिल्या रात्री काय खाल्लेस असे विचारल्यावर नचिकेता म्हणतो, तुझी प्रजा; दुसऱ्या रात्री तुझे पशू; तिसऱ्या रात्री तुझे सत्कर्म.

वकिलाच्या नजरेने पाहता येथे तीन तत्त्वे आहेत. विलंबाची नोंद थांबलेल्याने नव्हे, तर थांबविणाऱ्याने करावयाची आहे. विलंब रात्रीरात्रीने मोजावयाचा आहे. आणि त्याची भरपाई थांबलेल्याला मिळावयाची आहे. हे सर्व कोण करतो? ज्याच्या निकालावर अपील नाही असा यमधर्म. तो आपल्या अधिकाराचे किंवा कामाच्या भाराचे कारण सांगत नाही. तेथे अतिथी ब्राह्मण होता म्हणून हे घडले, असा आक्षेप कोणी घेईल आणि तो खरा आहे. चोखोबांना हा न्याय मिळाला नाही. परंतु न्यायाचे तत्त्व प्रथम अरुंद जागी उगवते आणि मग त्याचा विस्तार करावा लागतो. तो विस्तार करणे हेच पुढच्या पिढ्यांचे काम होय.

अलीकडे आपल्या कायद्यांनी या दिशेने एक पाऊल टाकले आहे. ठराविक मुदतीत लोकसेवा मिळण्याचा कायदा गोव्याने २०१३ साली केला, महाराष्ट्राने २०१५ साली. मुदत आखून देणे आणि ती मोडणाऱ्याला जबाबदार धरणे हा या कायद्यांचा गाभा आहे. पण हे राज्यांचे कायदे. नागरिकत्व, निवास, परदेशस्थांची नोंदणी हे विषय केंद्राचे, आणि परदेशांच्या कचेऱ्या तर आपल्या हाताबाहेरच्या. ज्या कागदावर माणसाचे राहणे अवलंबून आहे त्याच कागदाला मुदतीचे बंधन नसावे, ही उणीव भरून काढण्याची मागणी आपण करावयास हवी.

आणि ही मागणी करण्याचा अधिकार अंत्रूजला आहे. श्रीमंगेश कुशस्थळीहून, श्रीशांतादुर्गा केळशीहून, श्रीमहालसा वेर्ण्याहून या महालात आली ती सोळाव्या शतकात, तेथील देवळे पाडली जात असताना. हा मुलूख त्या वेळी विजापूरच्या आदिलशाहीकडे होता. प्रियोळला, कवळ्याला, म्हार्दोळला त्यांना जागा मिळाली. पुढे अठराव्या शतकात मराठ्यांच्या आश्रयाने त्यांतील देवळांना आजचे वैभव येऊ लागले. ज्यांची देवळे आज येथली म्हणून सारे जग पाहावयास येते ते देव मूळचे आश्रयाला आलेले आहेत, आणि ज्यांनी त्यांना पहिल्या दिवशी निवारा दिला त्यांची नावे कोठल्याही नोंदवहीत नाहीत. कोंकणीतला तो एक शब्द त्यांनी राहण्याच्या अर्थाने वापरला असणार.

पुढच्या खेपेस ते वयस्कर पक्षकार आले तर मी मान डोलावणार नाही. विटेची कथा त्यांना नीट सांगेन, नचिकेत्याचीही सांगेन, आणि त्यांच्या अर्जाचा क्रमांक व तारीख लिहून विलंबाचा खुलासा मागणारे पत्र त्यांच्या सहीने धाडीन. उत्तर येईपर्यंत त्यांनी आपल्या घराला रंग द्यावा, हेही सुचवीन.